दहा पावले

यंदा खंडेनवमीला आमच्या ब्राह्मणपुरीच्या घरी हत्यारांची पूजा मांडली होती. आबांचा वाकस, दोन रंधे, पटाशांचा जुडगा, गिरमिट आणि शिसवी मुठीची करवत ही सगळी मंडळी वर्षातून एकदा हळदीकुंकू लावून घेण्यासाठी पाटावर येऊन बसतात. त्यांच्याच ओळीत पुतण्याने गळ्यातला दोरा काढून काड्यापेटीएवढी एक काळी डबी ठेविली. तिच्यावर दोन बटणे, एक हिरवे व एक तांबडे. आत्याबाईंनी सर्वांना कुंकू लाविले. तिलाही लाविले आणि बोट अंमळ जोराने टेकले. त्याबरोबर मागल्या कोपऱ्यातले धूळ ओढण्याचे यंत्र घरघरून सुरू झाले आणि झेंडूच्या चारदोन पाकळ्या करवतीच्या टेबलाखालच्या नळीत दिसेनाशा झाल्या. आत्याबाई दचकून म्हणाल्या, "अरे, ह्यात देव आला की काय?" मुले हसली. मला मात्र हसू आले नाही. त्या डबीने आमच्या घराण्यातील एक फार जुना हिशेब चुकता केला होता, आणि तो नेमका कोणता, हे त्या दिवसापासून माझ्या मनात घोळत राहिले.

मी इतिहासाचा मास्तर. शहाद्याच्या बाजूला एका शाळेत आयुष्यभर तहांची कलमे आणि लढायांची वर्षे पाठ करून घेतली. हातात रंधा कधी धरला नाही. सुतारकीचा वारसा धाकट्या भावाकडे गेला व त्याच्याकडून पुतण्याकडे. पण ज्या घरात भुशाच्या वासावर झोप लागत असे, त्या घरच्या माणसाला धुळीच्या इतिहासावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार असावा.

आबा अंगणातल्या निंबाखाली बसून काम करीत. बैलगाडीची साटी, वखर, पाभर, दाराच्या चौकटी अशी कामे असत. बाभूळ गावचीच, सागवान तळोद्याच्या बाजूने सातपुड्यातून येई. हाताने मारलेल्या रंध्यातून लाकडाची साल निघावी तशी लांब, गुंडाळलेली ढलपी बाहेर पडे. ती आम्ही कानात अडकवून डूल म्हणून मिरवीत असू. करवतीचा भुसा जाड, जड. पडे तो पायाशीच. जे थोडे हलके उडे ते गोमाईकडून येणारा वारा घेऊन जाई. धूळ तेव्हाही होतीच, परंतु तिला जायला वाट होती.

पुढे गावात वीज आली, आणि काही वर्षांनी भावाच्या हट्टाने मोटरीवर फिरणारी गोल करवत व रंधायंत्र आले. यंत्र उघड्यावर ठेविता येईना म्हणून पत्र्याची शेड झाली. शेडला तीन बाजूंनी भिंती झाल्या. इथेच घात झाला. यंत्राचे पाते मिनिटाला हजारो फेरे घेते. ते लाकूड कापते तसेच त्याचे पीठही करते. माणसाच्या केसाची जाडी सुमारे सत्तर मायक्रॉन धरली — मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग — तर दहा मायक्रॉनहून बारीक असे कण ह्या पिठात असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. झाडूने ते जात नाहीत, उलट उठतात. सकाळी कवडशात नाचताना जे दिसतात ते त्यांचे थोरले भाऊ. खरे धाकटे तासन् तास तरंगत राहतात आणि नाकाच्या केसांना चकवून थेट फुप्फुसात उतरतात.

आबांना उतारवयात धाप लागू लागली. निंबाखालचा माणूस शेडमध्ये आल्यावर दहाबारा वर्षांत हे झाले. तालुक्याला दाखविले, औषधे झाली. दमा म्हणून सांगितले, वय म्हणून सांगितले. आबा विडी ओढीत, तेव्हा सारा दोष भुशाच्या माथी मारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पण त्या सगळ्या फेऱ्यांत "तुम्ही काम काय करता?" हा प्रश्न एकाही डॉक्टराने विचारला नाही, हे मला स्पष्ट आठवते, कारण दरवेळी सोबत मीच असे.

हा प्रश्न विचारावा असे एका वैद्याने सांगून ठेविल्याला तीनशे वर्षे उलटून गेली आहेत. इटलीतील मोदेना येथे बेर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे वैद्य होते. त्यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहिला. पाथरवट, पिठाचे काम करणारे, ताग पिंजणारे अशा एकेका धंद्याचे प्रकरण त्यात आहे. पूर्वीच्या वैद्यांनी रोग्याला विचारावयाच्या प्रश्नांची यादी दिली होती. तीत रामाझ्झिनींनी एकाची भर घातली: तुझा धंदा कोणता? शहाद्याला तो प्रश्न अजून पोहोचावयाचा होता.

आमच्या खानदेशाला धुळीची ओळख लाकडाने नव्हे, कापसाने करून दिली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाचा भाव चढला, मागाहून ठिकठिकाणी सरकी काढण्याचे जिन व गठ्ठे बांधण्याचे प्रेस उभे राहिले. जिनात सरकी सुटताना रुईचे तंतू आणि वाळलेल्या पानाबोंडांचा चुरा हवेत भरतो. हंगाम संपेपर्यंत बाया त्यातच बसत. आता कायद्याची गंमत पाहा. हिंदुस्थानातील पहिला फॅक्टरी ॲक्ट १८८१ चा. तो शंभर किंवा अधिक माणसांच्या कारखान्यांना लागू. आणि वर्षातून चार महिन्यांहून अधिक चालणाऱ्यांनाच. जिन हा हंगामी धंदा, म्हणून पुष्कळसे जिन त्या कलमाखालून अलगद निसटले. आणि ज्यांना कायदा लागला तेथेही त्याने संरक्षण दिले ते मुलांना. सात वर्षांखालील मुलास कामावर ठेवू नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलास नऊ तासांहून अधिक राबवू नये, इतकेच. सात वर्षांचे मूल कामाला चालत असे, ही गोष्ट वर्गात सांगताना माझी जीभ दरवेळी अडखळे.

१८८४ साली मुंबईत फॅक्टरी कमिशन बसले, तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या व साडेपाच हजार सह्यांचा अर्ज पुढे केला. रविवारी सुटी हवी, दुपारी अर्धा तास विश्रांती हवी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे, पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा, कामावर जायबंदी झालेल्याची व्यवस्था व्हावी अशा मागण्या त्यात होत्या. रविवारची सुटी १८९० साली पदरात पडली. आज आपण सगळे ती भोगतो. त्या मागण्या मी पुष्कळदा शिकविल्या, पण त्यांत धुळीचे नाव नाही हे माझ्या ध्यानात आले ते आबा गेल्यानंतर. लोखंड्यांना मी दोष देत नाही. ज्याला चौदा चौदा तास उभे राहावे लागते तो आधी वेळ मागणार, हवा मागून मागणार. तुटलेले बोट दिसते, त्याची भरपाई मागता येते. छातीत साठलेला तंतू दाखवायचा कोणाला?

धुळीचे कलम स्वातंत्र्यानंतर स्पष्ट आले. १९४८ च्या फॅक्टरीज ॲक्टच्या चौदाव्या कलमात शब्द चांगले होते. धूळ श्वासात जाऊ नये व खोलीत साचू नये म्हणून परिणामकारक उपाय करावा. ओढून घेणारे साधन लागत असेल तर ते धूळ जिथे उत्पन्न होते त्या जागेच्या शक्य तितके निकट असावे, आणि ती जागा शक्य तितकी बंदिस्त असावी. कारागिरानेच लिहावे इतके नेमके हे वाक्य आहे. परंतु कायदा लागू होण्यास विजेवर चालणाऱ्या कारखान्यात मुळात दहा माणसे लागत. पुढे महाराष्ट्रात ती मर्यादा वाढलीच. आमच्या शेडमध्ये बाप, लेक आणि एक मदतनीस. तीन माणसांच्या फुप्फुसांची कायद्याला दखल नव्हती.

लाकडाचा भुसा म्हणजे निरुपद्रवी, घरगुती चीज, अशी जगाचीही बरेच दिवस समजूत होती. इंग्लंडात हाय विकम नावाचे गाव खुर्च्या-टेबलांच्या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथील कान-नाक-घशाच्या तज्ज्ञ एस्मे हॅडफील्ड ह्यांच्या ध्यानात आले की, नाकातील एक दुर्मिळ जातीचा कर्करोग फर्निचरच्या कामगारांतच फार आढळतो. अचेसन आदी सहकाऱ्यांसह त्यांनी १९६८ साली ही माहिती प्रसिद्ध केली. पुढे १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणारी म्हणून नि:संशय पदार्थांच्या यादीत घातली. आमच्या अधिक जवळचे उदाहरण दगडाचे. आम्ही पाटीवर ज्या पेन्सिलींनी बाराखडी गिरविली, त्या मध्य प्रदेशातल्या मंदसौरकडच्या. तेथे पेन्सिली कापणाऱ्या ५९३ कामगारांची तपासणी अहमदाबादच्या संशोधकांनी केली व १९८५ मध्ये प्रसिद्ध केली. निम्म्याहून अधिकांच्या छातीत सिलिकोसिस निघाला. दगडाची धूळ लाकडाहून कितीतरी क्रूर, दोहोंची सरमिसळ करू नये. तरीपण माझ्या 'अ'साठी कोणाचा तरी श्वास खर्ची पडला, हे वाचल्यापासून पाटी पुसताना हात थबकतो.

आता त्या काळ्या डबीकडे वळतो.

पुतण्याला विशीतच खोकला लागला. सकाळी उठल्यावर अर्धा तास तो खोकत असे आणि त्याच्या आवाजात मला आबा ऐकू येत. भाऊ घाबरला. त्याने दुसऱ्या वर्षी कर्ज काढून डस्ट कलेक्टर आणला. दोन अश्वशक्तीची मोटर, तिच्यावर पंखा, पंख्याच्या ओढीने नळीतून येणारा भुसा शंकूच्या आकाराच्या डब्यात गरगरत जड तेवढा खाली पडतो आणि बारीक पीठ वरच्या कापडी पिशवीत अडते. भुसा गरगरवून खाली पाडण्याची ही युक्ती अमेरिकेत १८८० नंतरच्या दशकात निघाली. आवाज फार, म्हणून यंत्र मागच्या कोपऱ्यात ठेविले; वीज तिथपर्यंत नेली आणि त्याचा स्टार्टर तिथेच भिंतीवर लाविला.

वर्षभराने मी सुटीत गेलो तो पुतण्या खोकतच होता. पिशवी पाहिली तर निम्मीही भरली नव्हती. यंत्र चांगले होते. ते कोणी चालवीतच नव्हते. मी रागावलो. भाऊ म्हणाला, "दादा, तुम्ही एक दिवस आमच्याबरोबर उभे राहून बघा." उभा राहिलो. करवतीपासून कोपऱ्यापर्यंत दहा पावले, त्यांतली तीन फळ्यांच्या ढिगाला वळसा घालून. जाऊन येऊन वीस. एक काप घ्यायला पंधरा सेकंद; त्यासाठी आधी वीस पावले आणि नंतर वीस पावले. दिवसाचे साठ काप धरले तर चोवीसशे पावले नुसती बटण दाबण्यासाठी! मग सबंध दिवस चालूच का ठेवू नये? तासाला दीड युनिटच्या घरात वीज जाते. आठ तासांचे बारा युनिट. शिवाय त्या घरघरीत गिऱ्हाइकाचे बोलणे ऐकू येत नाही. तेव्हा "एवढा एकच काप" असे म्हणत साठही काप कोरडेच घेतले जात. कायद्याने ओढणारे तोंड धुळीच्या निकट असावे असे सांगितले होते. ते चालू करणारे बटण माणसाच्या निकट असावे, हे सांगावयाचे राहून गेले.

बटण आणि माणूस ह्यांच्यातले अंतर जुनेच आहे. वाफेच्या इंजिनावर चालणाऱ्या कारखान्यांत आढ्याला एक लांब दांडा फिरत असे व त्यावरून पट्टे खाली प्रत्येक यंत्रावर येत. यंत्र थांबवायचे म्हणजे फिरता पट्टा दांडक्याने ढकलून मोकळ्या कप्पीवर न्यायचा. इंजिन पलीकडच्या खोलीत आणि त्याचा मालक तर त्याहून पुष्कळ पलीकडे. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली तेव्हा बटण कारागिराच्या हाताशी आले. पण ते कापणाऱ्या यंत्राचे. राखणाऱ्या यंत्राचे बटण कोपऱ्यातच राहिले.

दुरून, तारेविना बटण दाबण्याची किमया मात्र आपल्याच देशात फार लवकर दिसली होती. १८९५ च्या सुमारास जगदीशचंद्र बसूंनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये विद्युतलहरी भिंतींच्या आरपार पाठवून पलीकडच्या खोलीतली घंटा वाजविली आणि दारू उडविली. घंटा लहरींच्या बळाने वाजली नाही. लहरींनी फक्त तेथल्या विजेचा मार्ग जुळविला. तीन वर्षांनी, १८९८ मध्ये, निकोला टेस्ला ह्यांनी न्यूयॉर्कमध्ये बिनतारी हुकुमावर चालणारी छोटी बोट पाण्यात सोडली. दोघांचे मर्म एकच: दुर्बळ लहर हुकूम देते, काम तेथली वीज करते.

ही विद्या सुतारापर्यंत आली ती शेतकऱ्याच्या वाटेने. आमच्याकडे तापी-गोमाईच्या काठी ऊस, केळी, पपई. पंप विहिरीवर नाहीतर नदीवर, घर गावात, आणि वीज येते ती कित्येकदा रात्री. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल ह्यांनी मोबाईलवरून पंप चालू-बंद करणारे 'नॅनो गणेश' नावाचे यंत्र केले. त्यामागे पंपापर्यंतची आजोबांची पायपीट होती असे ते सांगत आले आहेत. २००९ साली नोकिया कंपनीच्या स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. असली यंत्रे पुढे गावोगाव झाली. रात्री दोन वाजता अंधारातून, साप-विंचवांतून जाणारा शेतकरी अंथरुणातून पाणी सोडू लागला. पुतण्याने ते शेजारच्या मळ्यात पाहिले आणि म्हणाला, दोन किलोमीटरवरचा पंप चालू होतो, तर दहा पावलांवरचा पंखा का नाही?

पहिला प्रयोग फसला, आणि तो मुद्दाम सांगण्याजोगा आहे. बाजारातून त्याने एक स्वस्त रिमोट आणला. त्याच्या रिलेवर '१० अँपिअर' असे लिहिलेले. मोटर चालताना घेई नऊ-दहा. म्हणजे पुरेल, असा हिशेब. पण मोटर सुरू होण्याच्या क्षणी चालतानाच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. आठवड्यात रिलेची टोके वितळून एकमेकांना चिकटली आणि यंत्र बंद होईना! शेवटी मेन पाडावा लागला. गावच्या वायरमनने मग खरी रीत सांगितली. मोटरीचा भार जुन्या स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरनेच वाहावा. रिमोटने फक्त त्या कॉन्टॅक्टरच्या कॉईलला इशारा द्यावा. एक रिले हिरव्या बटणाला समांतर, दुसरा तांबड्याच्या वाटेत. दोन्ही क्षणभरच दबतात, बटणासारखे. ह्यात आणखी एक गुण आहे: वीज गेली की कॉईल सुटते आणि वीज परत आली तरी यंत्र आपोआप उठत नाही. आमच्याकडे दिवसातून चारदा वीज जाते-येते, तेव्हा हा गुण लहान नव्हे. बसूंच्या घंटेची तीच गोष्ट इथे पुन्हा आली, आणि वायरमनला बसू ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

घरात दोन नियम झाले आहेत. करवतीला रिमोट कधीही लावायचा नाही. ती ज्याने चालवायची त्याने समोर उभे राहूनच चालवायची. आणि कलेक्टरची पिशवी झाडताना किंवा पंख्यात अडकलेली ढलपी काढताना मेन पाडून डबी स्वतःच्या खिशात घालायची, कारण दुरून दाबणाऱ्याला हात कुठे आहे ते दिसत नाही. आत्याबाईंच्या कुंकवाने हा दुसरा नियम सर्वांच्या चांगलाच ध्यानात आणून दिला.

आता पिशवी पंधरा दिवसांनी भरते. खोकला कमी झाला आहे. गेला आहे असे मी म्हणणार नाही. शेडच्या दाराशी जिथे हाताच्या यंत्राने पॉलिश-पेपर मारतात, तिथवर नळी पोहोचत नाही, आणि सगळ्यांत बारीक पीठ तर तिथेच उडते. मी फुटपट्टी घेऊन मोजले: बारा फूट लवचिक नळी आणि एक झडप लागेल. भाऊ म्हणतो, दिवाळीची दारे-खिडक्यांची कामे एकदा हातावेगळी होऊ द्या, मग पाहू. मी पैसे त्याच्या हाती न देता पुतण्याच्या हाती ठेवून आलो आहे.